‘समानार्थी कोडॉन’ : एका संज्ञेची चिकित्सा

जनुकशास्त्राने भाषाव्यवहारातून उसनी घेतलेली परिभाषा मराठीतही उतरली आहे. संकेत, प्रतिलेखन, भाषांतर, अभिव्यक्ती या संज्ञांविषयी फारसा वाद नाही. ‘समानार्थी कोडॉन’ ही संज्ञा मात्र तपासून घ्यावयास हवी. कारण तिच्यावरून सहज निघणारे अनुमान प्रयोगशाळेत टिकत नाही.

एकूण ६४ कोडॉनांपैकी ६१ कोडॉन अवघ्या २० अमिनो आम्लांचा निर्देश करतात. एकट्या ल्यूसिनला ६ कोडॉन आहेत. त्यांतील कोणताही योजिला तरी आम्ल तेच राहते. म्हणून ते परस्परांच्या जागी निर्वेधपणे वापरता येतील, असा समज होतो. परंतु मानवी जनुकांत ल्यूसिनसाठी ‘सीयूजी’ वारंवार येतो, ‘सीयूए’ क्वचित. ‘पाणी’ आणि ‘उदक’ एकाच वस्तूचे वाचक होत. तरी तहानलेला मनुष्य उदक मागत नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. पनवेल तालुक्यातील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत, जून २०२१ मध्ये देशातील पहिला कार-टी उपचार करण्यात आला. अशा उपचारात रुग्णाच्याच टी-पेशींत नवे जनुक घालावयाचे असते. ते वाहून नेण्यासाठी बहुधा लेंटिव्हायरस योजतात, आणि हा वाहक अनेक प्लाझ्मिडे संवर्धित पेशींत एकत्र घालून तयार होतो. त्या प्लाझ्मिडांवरील जनुके नीट अभिव्यक्त झाली नाहीत, तर वाहक अल्प मिळतो.

या प्लाझ्मिडांपैकी एकावर एचआयव्हीचे ‘गॅग-पॉल’ जनुक असते. मूळ रूपात ते ‘रेव्ह’ या विषाणू-प्रथिनाच्या साहाय्याविना मानवी पेशींत जवळजवळ मूक राहते. प्रथिन तेच ठेवून कोडॉन बदलले, तेव्हा ही परावलंबिता नाहीशी झाली. अर्थ एक, परिणाम भिन्न!

म्हणून सर्वत्र बहुप्रचलित कोडॉन घालावेत, हा निष्कर्षही उतावळेपणाचा होय. एमडीआर-१ या मानवी जनुकातील अशाच एका ‘मूक’ बदलाने आम्लक्रम न पालटता प्रथिनाचे काही औषधांशी असलेले वर्तन पालटते, असे २००७ साली दाखविण्यात आले. भाषांतराची गती बदलल्याने प्रथिनाची घडी बदलत असावी, अशी त्याची उपपत्ती मांडली गेली.

तेव्हा ‘समानार्थी’ऐवजी ‘समाम्ल कोडॉन’ म्हणणे अधिक युक्त ठरेल. आम्ल समान आहे, एवढेच ही संज्ञा सांगते; उरलेला प्रश्न ती अभ्यासकासाठी खुला ठेवते.