साथीनंतरचा शेरीफ

जॉर्जियातल्या एका काउंटीचा डेप्युटी शेरीफ रिक ग्राइम्स कोमातून शुद्धीवर येतो, तेव्हा इस्पितळात चिटपाखरू नसते आणि बाहेर मेलेली माणसे चालत असतात. आपल्या जुन्या ठाण्यात पोचल्यावर तो अंघोळ करतो, गणवेश चढवतो, डोक्यावर शेरीफची टोपी ठेवतो आणि बंदुकांची पिशवी घेऊन निघतो. अटलांटा शहरात तो शिरतो घोड्यावरून. ‘द वॉकिंग डेड’ मालिकेचा हा पहिला भाग ३१ ऑक्टोबर २०१० रोजी दाखवला गेला. त्यातली ती घोडेस्वाराची आकृती साथीनंतरच्या कथाप्रकाराचे बोधचिन्हच ठरली.

ज्या सरकारने तो गणवेश दिला ते उरलेले नाही. न्यायाधीश नाही, तुरुंग नाही, पगार देणारा खजिना नाही. मग त्या टोपीला अधिकार आला कुठून? महासाथीनंतरच्या जगाच्या कथांमध्ये याहून मोलाचा प्रश्न नाही, आणि बहुतेक लेखक-दिग्दर्शक त्याला बगल देऊन थेट गोळीबाराकडे वळतात.

या एकांड्या शिपायाचे मूळ वेस्टर्न चित्रपटांत आहे. ‘हाय नून’मधला (१९५२) मार्शल विल केन गावाने पाठ फिरवल्यावर एकटा लढतो आणि शेवटी बिल्ला धुळीत फेकतो. पण केनच्या मागे एक व्यवस्था उभी होती: स्टेशनात येणारी रेल्वे होती, निवाडा देणारे न्यायाधीश होते. साथीनंतरच्या कथांनी वेस्टर्नमधून टोपी आणि घोडा तेवढा उचलला. ती व्यवस्था मागेच राहिली.

जुने लेखक याबाबतीत अधिक सावध होते. जॅक लंडनच्या ‘द स्कार्लेट प्लेग’मध्ये (१९१२) पोलीस वाचतच नाही. २०१३ साली आलेल्या साथीची हकीकत एक म्हातारा प्राध्यापक २०७३ मध्ये आपल्या रानटी नातवंडांना सांगतो, आणि त्या हकीकतीत सत्ता गेलेली असते एका दांडगट मोटारचालकाच्या हाती. जॉर्ज स्टुअर्टच्या ‘अर्थ अबाइड्स’मध्ये (१९४९) नायक इश हा भूगोलाचा अभ्यासक आहे. त्याच्या छोट्या वस्तीत चार्ली नावाचा परका माणूस येतो. तो रोग घेऊन आला आहे आणि वस्तीतल्या एका मतिमंद मुलीवर त्याचा डोळा आहे. त्याने अजून गुन्हा केलेला नाही. मोजकी मोठी माणसे बसतात, चिठ्ठ्यांवर मत देतात आणि चार्लीला झाडाला फाशी देतात. आपण आत्ता राज्यसंस्था जन्माला घातली, आणि तिचे पहिले काम फाशीचे होते, हे इशला कळते. पुढे वस्तीत विषमज्वर पसरतो, तो बहुधा चार्लीनेच आणलेला. स्टुअर्ट वाचकाला ‘योग्य झाले’ म्हणण्याची मुभा देत नाही आणि ‘चूक झाली’ असे म्हणण्याचीही नाही.

याच्या पुढची पायरी बीबीसीच्या ‘सर्व्हायव्हर्स’ने गाठली. टेरी नेशनने निर्माण केलेल्या या मालिकेत (१९७५ ते १९७७) साथीतून वाचलेली माणसे एका मोठ्या घरात वस्ती करतात. ‘लॉ अँड ऑर्डर’ या भागात एका तरुणीचा खून होतो. संशय बार्नी या बुद्धीने मंद असलेल्या साध्याभोळ्या माणसावर येतो. सगळे मतदान करतात आणि बार्नीला देहदंड दिला जातो. नंतर कळते की खुनी वस्तीतलाच टॉम प्राइस होता. अ‍ॅबी आणि ग्रेग हे दोघे म्होरके ही गोष्ट इतरांपासून लपवतात. वस्तीला काम करणारे हात हवेत आणि लोकांचा निवाड्यावरचा विश्वास मोडता कामा नये, असा त्यांचा हिशेब. दूरचित्रवाणीचे बजेट बेताचे, दृश्ये बहुतेक एका घरातली, तरी पन्नास वर्षांनंतरही हा भाग अंगावर येतो. सुव्यवस्था राखण्यासाठी सत्य पुरले गेले, आणि ते पुरणारी माणसे दुष्ट नव्हती.

स्टीफन किंगला हा धागा समजला होता. ‘द स्टँड’मध्ये (१९७८) बोल्डर शहरात जमलेले लोक समिती निवडतात आणि स्टू रेडमनला मार्शल नेमतात. त्या अवाढव्य कादंबरीत देव-सैतानाचा संग्राम गाजतो. पण खरी धार शेवटी आहे. नव्या मार्शलला आपल्या शिपायांच्या कमरेला पिस्तुले हवी आहेत, हे कळल्यावर स्टू अस्वस्थ होतो आणि बायको-मुलाला घेऊन मेनकडे निघून जातो.

सिनेमाने मात्र शेरीफला आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये (१९६८) रात्रभर तग धरलेला कृष्णवर्णीय नायक बेन सकाळी मरतो तो शेरीफच्या टोळीच्या गोळीने. त्यांना तो प्रेतांपैकी एक वाटतो. डॅनी बॉइलच्या ‘२८ डेज लेटर’मध्ये (२००२) रेडिओवरून संरक्षणाचे आश्वासन देणारे सैनिक आश्रयाला आलेल्या स्त्रियांवरच उठतात.

बंदूकधारी रखवालदारांवरच्या या शंकेला वस्तुस्थितीचाही आधार आहे. १९६३ साली ओहायो राज्य विद्यापीठात डिझास्टर रिसर्च सेंटर सुरू झाले. एनरिको क्वारंटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून वारंवार दिसले की आपत्तीत सामान्य माणसे एकमेकांवर तुटून पडण्यापेक्षा एकमेकांच्या मदतीला धावतात. रेबेका सोलनिट यांनी ‘अ पॅरडाइज बिल्ट इन हेल’मध्ये (२००९) अशीच उदाहरणे मांडली. घबराट अनेकदा सत्तेवरच्यांची असते, आणि तीच बंदूक रस्त्यावर आणते.

मराठी वाचकाला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. पुण्याने साथीतला बंदोबस्त भोगला आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये साथरोग कायदा आला, वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग समितीचा प्रमुख झाला आणि गोरे सोल्जर घराघरांत, देवघरांत आणि माजघरांत शिरले. रोग रोखण्याचा हेतू खोटा नव्हता, पण त्या अधिकाराला विचारणारे कुणी नव्हते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ (१९७९) हा चित्रपट महासाथीतल्या हुकमतीवरचा आपल्याकडचा सर्वांत गंभीर चित्रपट आहे. अमेरिकेत शेरीफ जिथे नायक ठरतो तिथे आपल्या स्मृतीत रँड उभा आहे. तोच साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू झाला, तरी त्या काळातल्या पोलिसावर तेवढ्या ताकदीची कलाकृती अजून आलेली नाही. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) डोंबिवलीच्या पाण्यातून साथ उठवली, टॉवर आणि वस्ती यांच्यातली दरी नेमकी पकडली. त्यात बचावाची सूत्रे सामान्य रहिवाशांच्या हाती राहतात, ही त्याची खरी कमाई.

‘वॉकिंग डेड’कडे परत यायला हवे, कारण या प्रकाराचे बळ आणि दुबळेपण दोन्ही तिथे आहे. दुसऱ्या पर्वात रँडल नावाच्या कैद्याला मारायचे की नाही, यावर म्हातारा डेल एकेकाला भेटून मत बदलू पाहतो. अकरा पर्वांतला हा फार चांगला भाग. पण त्याच भागात डेल मरतो आणि त्याच्याबरोबर वादही बंद पडतो. पुढे अलेक्झांड्रिया या वस्तीत रिकला पुन्हा पोलिसाचा गणवेश मिळतो. तिथला तंटा सुटतो तो रिकने पीट या रहिवाशाला गोळी घातल्यावरच. पुढच्या पर्वांतला शत्रू नेगन याला ठार न करता कोठडीत ठेवण्याचा निर्णय हा एक मोठा अपवाद. तेवढ्या एका कृतीने मालिकेला कायद्याची भाषा परत मिळते.

रॉबर्ट कर्कमनच्या मूळ चित्रकथेने हीच वाट शेवटपर्यंत चालून दाखवली. २००३ मध्ये सुरू झालेली ही चित्रकथा जुलै २०१९ मध्ये १९३ व्या अंकाने संपली. त्याआधीच्या अंकात रिकचा खून होतो, आणि खुन्याला झाडाला लटकवले जात नाही, जन्मठेप मिळते. शेवटच्या अंकात वर्षे उलटली आहेत. रिकचा मोठा झालेला मुलगा कार्ल खेळ दाखवण्यासाठी पाळलेली चालती प्रेते मारतो आणि त्याच्यावर खटला भरला जातो: दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस. न्यायासनावर मिशोन बसलेली आहे, जी साथीआधी वकील होती. तलवार घेऊन शंभर अंक फिरलेल्या बाईला कर्कमनने परत तिच्या व्यवसायात नेले. सुव्यवस्था परत आल्याचा याहून ठोस पुरावा या साहित्यप्रकारात क्वचितच सापडेल. दूरचित्रवाणी मालिका २०२२ मध्ये हा खटला न दाखवताच संपली.

‘द लास्ट ऑफ अस’ या साथीनंतरच्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात (२०२५) जॅक्सन गावाची पंचायत भरते. नायक जोएलच्या मारेकऱ्यांमागे माणसे पाठवायची का, यावर उघड चर्चा होते, मतदान होते आणि प्रस्ताव फेटाळला जातो. आधीच्या भागातल्या हल्ल्याने गाव अर्धे उद्ध्वस्त आहे, माणसे कमी आहेत, आणि लोक डोके थंड ठेवून नकार देतात. जोएलने मुलीसारखी वाढवलेली एली तो नकार मोडून सिअ‍ॅटलला निघते आणि मालिका तिच्याबरोबर जाते. निकाल मोडणाऱ्या लाडक्या मुलीचे काय करायचे, तिला अडवायचे कुणी आणि कोणत्या अधिकाराने, या पेचात पडलेली पंचायत लेखकांनी मागे सोडली.