रूपांतराची कसोटी

दूरचित्रवाणी-मालिकेवरून बेतलेले पुस्तक म्हणजे उष्टी पत्रावळ, असा समज आपल्याकडे रूढ आहे. १९७३-७४ मध्ये अमेरिकेत दाखविल्या गेलेल्या ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथात्मक कार्टून मालिकेच्या २२ भागांना ॲलन डीन फॉस्टर यांनी ‘स्टार ट्रेक लॉग’च्या १० खंडांत गद्यरूप दिले. ते वाचताना हा समज तपासून पाहावा लागतो.

पहिल्या खंडातील (१९७४) ‘येस्टरइयर’ ही डी. सी. फोंटाना यांच्या पटकथेवरची कथा पाहा. लहानग्या स्पॉकला वाचविताना त्याचा म्हातारा पाळीव प्राणी जबर जखमी होतो. त्याला वेदनांसह जगवावे की शांतपणे जाऊ द्यावे, हा निर्णय त्या मुलालाच घ्यावा लागतो. पडद्यावर हा क्षण चटकन सरतो. पुस्तकात वाचक हवा तितका थांबू शकतो. साक्रीकडच्या ज्या शेतकऱ्याने आजारी बैलाच्या उशाशी रात्र काढली आहे, त्याला हा प्रसंग परका वाटणार नाही.

फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त बायबलमधील कथा मराठी ओवीत विस्ताराने सांगितली, श्रद्धेचा गाभा मात्र ढळू दिला नाही. तीच कसोटी येथे लावावी. फॉस्टर यांच्या पहिल्या सहा खंडांत प्रत्येकी तीन भाग आहेत. शेवटच्या चारांत एकेका भागाला अख्खे पुस्तक दिले आहे. तेथे साहसे वाढतात आणि मूळ पेच मागे पडतो. भर घालणे हा दोष नव्हे. ज्या निर्णयासाठी कथा जन्मली, त्यापासून वाचकाला दूर नेणे हा दोष होय.