तारीख, जागा, माप : राजापुरातले हौशी नोंदलेखन

माधव कोंडविलकर प्राथमिक शिक्षक होते. राजापूर तालुक्यातल्या आपल्या गावात जगताना लिहिलेली त्यांची रोजनिशी १९७९ साली 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' या नावाने पुस्तकरूपात आली. दलित आत्मकथनांच्या चर्चेत या पुस्तकाचे नाव निघते ते रास्तच. पण नोंदलेखन म्हणूनही त्याची थोरवी मोठी आहे. आत्मचरित्र लिहिणारा मागे वळून आयुष्याची संगती लावतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊकच नसते. शाळेत मास्तर आणि गावात चांभार, या दोन ओळखींतली ओढाताण कोंडविलकर त्या त्या दिवसाच्या तापात मांडतात, म्हणून ती आजही अंगावर येते. हौसेने लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक जवळ ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

याच देवाचे गोठणे गावाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेली मनुष्याकृती आहे, आणि तिच्यापाशी होकायंत्राची सुई भरकटते. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणे गेली. त्यांतली पाच, म्हणजे कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू आणि देवीहसोळ, एकट्या राजापूर तालुक्यातली. गुराख्यांना ही चित्रे आधीपासून माहीत होती. ती जगापुढे आली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांमुळे, आणि पुरातत्त्व हा काही त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय नव्हे. भटकंतीची हौस असलेले लोक कोकणात पूर्वीही होतेच. या मंडळींनी पाहिलेले नोंदवून ठेवले, वेगळेपण ते इथे.

कशेळीचा हत्तीच घ्या. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात जलचर, पशू, पक्षी कोरलेले. शेजारी उभे राहिले तर तो एका नजरेत मावत नाही. गवत काढावे लागते, खाचांतली माती झाडावी लागते, टेप लावून मापे घ्यावी लागतात, रेषा कागदावर उतरवावी लागते. तेव्हा कुठे कान कुठला आणि सोंड कुठली हे कळते. कोकणात आज नसलेले गेंडा, पाणघोडा यांसारखे प्राणी या शिल्पांत ओळखले गेले आणि शेतीची चित्रे मात्र दिसत नाहीत, त्यावरून ती कोरणारे शिकार करून जगत असावेत, असा तर्क अभ्यासकांनी केला. त्या तर्काला आधार आहे तो अशा नोंदींचा.

आता सध्याच्या लेखनाकडे वळू. कोकणावर हौसेने लिहिणारे आज पुष्कळ आहेत, आणि छायाचित्रे तर अशी की पाहत राहावे. मजकूर मात्र बहुतेक वेळा निराश करतो. 'निसर्गाचा चमत्कार', 'अनमोल ठेवा' असे शब्द सुरुवातीलाच येतात आणि वाडीचे नाव, भेटीचा महिना, माहिती सांगणारी व्यक्ती कोण, यातले काहीच शेवटपर्यंत येत नाही. एकाने लिहिलेली चूक दहा जण उतरवून घेतात. उत्साहाची कमतरता नाही. नोंद ठेवण्याची शिस्त कुणी शिकवलेलीच नाही.

राजापूरच्या गंगेबाबत हे फार जाणवते. उन्हाळे गावच्या गरम झऱ्याजवळ चौदा कुंडे आहेत. एरवी कोरड्या असलेल्या या कुंडांत अधूनमधून पाणी येते, त्यालाच गंगा येणे म्हणतात. गंगा साधारण तीन वर्षांनी येते असे परंपरेने सांगतात, पण अलीकडे तिचे येणे-जाणे या हिशेबात बसत नाही. जमिनीखालच्या पोकळीत साठलेले पाणी वक्रनलिकेच्या तत्त्वाने बाहेर पडते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते तपासायचे तर काय काय हवे? पाणी आधी कोणत्या कुंडात दिसले, काशीकुंडाच्या गोमुखातून धार कधी लागली, आदल्या पावसाळ्यात पाऊस किती झाला, आणि पाणी आटले कधी. गंगा आली की सगळे लिहितात. ती गेल्याची तारीख लिहायला क्वचितच कुणी थांबते, आणि अभ्यासाला तीच हवी असते.

कातळशिल्पांच्या शोधात रिसबूड-मराठे यांनी शाळांनाही सामील करून घेतले होते. घरच्या आजी-आजोबांना आणि गावातल्या जाणत्यांना विचारा, सड्यावर असे कोरलेले कुठे पाहिले आहे का, असे त्यांनी मुलांना सांगितले. या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. त्या विचारपुशीत भूगोल होता, इतिहास होता, आणि ऐकलेले नीट सांगण्याची तालीमही होती. राजापुरातल्या शाळांनी गंगेसाठी अशीच एक वही सुरू करावी. कुंडांना आठवड्याला एक फेरी, त्या दिवसाची तारीख, प्रत्येक कुंडातली पाण्याची पातळी, मुलाचे नाव. पाणी नसेल तर 'कोरडे' हा एकच शब्द. दहावीच्या मुलांनी शाळा सोडताना ती वही नववीच्या हाती द्यावी. पंधरा वर्षे ती चालली, तर गंगेच्या निदान तीन-चार फेऱ्या, आल्यापासून गेल्यापर्यंत, तिच्यात उतरलेल्या असतील.