सूचना कोणाची आणि कोणाला?



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, ‘सर, संघटनांतला संवाद आणि कामाच्या ठिकाणचा विकास, या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का?’ तेव्हा आम्ही उत्तर टाळलं. आज टाळणार नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम, असं कोणी म्हणेल. तर आम्ही बरीच वर्षं गिरगावात संध्याकाळच्या वर्गात याच विषयाच्या विद्यार्थ्यांना व्यवसायनीती शिकवली. म्हणजे आजची टीका आम्हालाही लागू आहे.

सुरुवात एका साध्या शब्दापासून करू. ‘सूचना’. फलकावर लागते ती सूचना वरून खाली येते आणि पाळायची असते. पेटीत पडते ती सूचना खालून वर जाते, तिचा विचार व्हावा एवढीच अपेक्षा. शब्द एकच. पण फलक दारातच असतो, आणि पेटीची किल्ली कोणाकडे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तसंच ‘समज देणे’. अर्थ पाहिला तर समजावून सांगणं. पण साहेबांनी समज दिली म्हणजे काय झालं, हे तुम्हाला सांगायला नको. भाषेनं हा व्यवहार केव्हाच ओळखला आहे. आमचा आक्षेप असा की, आम्ही शिकवले आणि पाहिले ते अभ्यासक्रम अजून फलकाच्या बाजूनेच उभे आहेत.

आमच्याच वर्गातली गोष्ट. कामावरून कमी केल्याचं माणसाला कसं सांगावं, याचा सराव चालला होता. एक विद्यार्थी अधिकारी झाला, लालबागची एक मुलगी कामगार. अधिकाऱ्याला आम्ही गुण दिले: स्पष्टता, स्वर, संयम. ती मुलगी म्हणाली, ‘सर, माझ्या बोलण्याला गुण नाहीत का?’ तक्त्यात तो रकानाच नव्हता. आणि तक्ता आम्हीच आखला होता.

हा रकाना कुठे हरवला? या विषयाची पाठ्यपुस्तकं शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांना फार मानतात. १९२४ ते १९३२ या काळात ते झाले. त्यात २०,०००हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. मोठं काम होतं, कमी लेखू नये. कामगाराशी माणूस म्हणून कोणी बोललं, ही साधी गोष्ट नव्हे. पण निष्कर्ष काय निघाला? तक्रार जशी बोलली जाते तशी घेऊ नये, ती बोलणाऱ्याच्या मन:स्थितीचं लक्षण असू शकते. इथेच तत्त्वज्ञानाचा प्रश्न येतो. एखाद्याचं म्हणणं ‘दावा’ मानलं, तर ते खरं की खोटं, न्याय्य की अन्याय्य, याचं उत्तर द्यावं लागतं. ‘लक्षण’ मानलं की फक्त उपचार करायचा. हाबरमास या जर्मन तत्त्वज्ञाने १९८१ साली समजुतीसाठीचं बोलणं आणि काम साधण्यासाठीचं बोलणं यांत जो भेद केला, तो इथे नेमका लागू पडतो.

आता परळला या. सप्टेंबर १८८४. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी निवेदन तयार झालं, त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या पाहा: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि इजा झाली तर भरपाई. यात कुठे मन:स्थिती आहे? प्रत्येक वाक्य दावा आहे, आणि प्रत्येकाला हो किंवा नाही असं उत्तर देता येतं. रविवारच्या सुट्टीचं उत्तर यायला १८९० उजाडलं. त्या वर्षीच्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. आमच्या मते संघटनांतल्या संवादाचा मुंबईतला पहिला धडा हा आहे. शिकवला मात्र जातो तो इतिहासाच्या तासाला, तोही शिकवला तर.

दुसरा धडा १९८२चा. १८ जानेवारीला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मजुरीची मागणी होतीच; पण आमच्यासाठी कोण बोलणार, हाही वाद होता. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेला, आणि कामगार गेले दत्ता सामंतांकडे. कायद्याला जो आवाज ऐकू येत होता तो कामगारांना आपला वाटेना. त्यांना जो आपला वाटला तो कायद्याला ऐकू येईना. यात सामंतांचे डावपेच चुकले असतील, मालकांचा हिशेब वेगळा असेल, त्यावर वाद घाला. पण संवादाचा मार्ग बंद झाल्याचं याहून मोठं उदाहरण कोणत्या परदेशी पुस्तकात मिळेल?

कोणी म्हणेल, गिरण्या गेल्या, सर. बरोबर. त्या जमिनींवर आज काचेच्या इमारती आहेत. तिथे कर्मचाऱ्यांची मतं विचारणाऱ्या प्रश्नावल्या फिरतात. पण दारावरचा सुरक्षारक्षक, जिने पुसणारी बाई ठेकेदाराची असेल, तर ती प्रश्नावली त्यांच्यापर्यंत जाते का? गिरणीच्या फाटकावर रोज सकाळी बदली कामगार उभा राहायचा, काम मिळेल की नाही या विवंचनेत. संघटनेत कोण मोजला जातो हे आधी ठरतं, संवाद मग सुरू होतो.

तेव्हा त्या तरुण मित्राला आमचं उत्तर: जरूर शीक. परळमध्येच १९४७ पासून कामगारविषयक शिक्षण देणारी संस्था आहे, आज तिला लोखंड्यांचं नाव आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवल्या, ते पुस्तक २००४ साली आलं, तेही वाच. पण प्रबंध लिहिताना तीन प्रश्न समोर ठेव. खालच्या माणसाचं म्हणणं त्याच्या शब्दांत आलं आहे का? त्याला उत्तर मिळालं का? आणि जो बोललाच नाही, तो का बोलला नाही?

त्या मुलीला आम्ही त्या दिवशी म्हणालो, ‘पुढच्या वेळी रकाना वाढवू.’ पुढच्या वर्षी वाढवला. ती तोवर उत्तीर्ण होऊन गेली होती.

इथेच थांबतो. आता तुमच्या सूचना येऊ द्या, दुसऱ्या अर्थाने.