तपकिरीत लाल

फिकट निळ्या पेशींच्या गर्दीत ती एकटी वेगळी दिसते. अंग तपकिरी, केंद्रक लाल. गर्भाशयमुखाच्या स्मिअरची ही स्लाइड पी१६ आणि केआय-६७ या दोन प्रथिनांसाठी एकत्र रंगवलेली आहे. हजारो पेशी चाळून अशी एक जरी सापडली, तरी अहवाल पॉझिटिव्ह जातो. एवढ्या थोडक्यात एवढे सांगणारी कलाकृती मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

यातला नुसता लाल फारसा बोलत नाही. केआय-६७ विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशीतच दिसते. जखम भरून येतानाही पेशी वाढतात आणि लाल होतात. (नावामागे काही गूढ नाही. जर्मनीतले कील शहर आणि प्लेटवरचा ६७ नंबरचा क्लोन, एवढेच.) नुसता तपकिरीही निरुपद्रवी असू शकतो. पी१६ हा पेशीचा ब्रेक. रूप बदलणाऱ्या काही साध्या पेशींतही तो दिसतो. निरोगी पेशीत मात्र हे दोन रंग एकमेकांना वर्ज्य. ब्रेक लागला असेल तर चाक फिरायला नको.

मग दोन्ही एका पेशीत कसे? उत्तर एचपीव्ही या विषाणूच्या ई७ या प्रथिनात आहे. ब्रेकचा दाब चाकापर्यंत पोचवणारी तार म्हणजे आरबी प्रथिन. ई७ नेमके तेच निकामी करते. घाटात तार तुटलेल्या गाडीचा ड्रायव्हर ब्रेकवर अधिकाधिक जोर देतो, तशी पेशी पी१६ साठवत जाते आणि चाक फिरतच राहते. म्हणजे तपकिरी हा आजाराचा रंग नव्हे, तो पेशीच्या वाया गेलेल्या प्रतिकाराचा रंग आहे. हे कळल्यावर स्लाइड पुन्हा पाहावी. ती तीच राहत नाही.

एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत या चित्राला खरी धार येते. तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तिची तपासणी तिशीऐवजी पंचविशीपासून सुरू करायला सांगते. पण खचलेल्या प्रतिकारशक्तीपुढे एचपीव्ही मुक्काम ठोकतो, अनेकदा एकापेक्षा जास्त प्रकारांनी. नुसती विषाणूची चाचणी केली तर इतक्या जणी पॉझिटिव्ह येतात की नेमकी कोणाची काळजी करायची ते कळेनासे होते. सगळ्यांवर उपचार करावेत, तर ज्यांना गरज नाही त्यांच्याही गर्भाशयमुखाला हात लागतो. विषाणू घरात शिरला, हे चाचणी सांगते. त्याने घरात काय केले, ते सांगते ही स्लाइड.

दोषही आहेत. रंजनासाठी लागणारी प्रतिपिंडे महाग, प्रयोगशाळा हवी, आणि चित्र एका क्षणाचे. ही पेशी पुढे कर्करोगाकडे जाईल की बदल आपोआप मावळेल, हे त्यात लिहिलेले नाही. शेवटचा शब्द बायोप्सीचाच. एक वैयक्तिक तक्रारही नोंदवतो. पापानिकोलाउंच्या जुन्या ‘पॅप’ रंजनातला गुलाबी, नारिंगी, निळसर हिरव्याचा तो थाट इथे नाही. ती स्लाइड वाचायला मुरलेला डोळा लागे. केंद्रकाची कड, आकार, गडदपणा, सगळे तोलावे लागे. आणि दोन जाणकारांचे दोन निकालही येत. ही स्लाइड त्या मानाने रुक्ष. दोन रंग एकत्र आहेत की नाहीत, एवढेच विचारते.

तरीही पैठणीच्या पदरासारखी ती जुनी स्लाइड मी पाहत बसेन, आणि निकाल मात्र हिच्याकडून घेईन. २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एचपीव्ही पॉझिटिव्ह स्त्रियांची पुढची निवड करायला हे दुहेरी रंजन वापरण्याची शिफारस केली.