बोलका मारेकरी आणि मूक मृत : ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ या कादंबरीच्या घडणीचा विचार

फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडन येथे तीन खंडांत प्रसिद्ध झाली. अमीर अली नावाचा एक ठग इंग्रज सरकारचा माफीचा साक्षीदार झाला आहे आणि बंदिवासात असताना एका साहेबापुढे तो आपल्या आयुष्याची हकीकत सांगत आहे, अशी तिची मांडणी आहे. आपल्या हत्यांची संख्या तो ७१९ अशी देतो आणि मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर ती हजारावर पोचली असती, अशी हळहळही व्यक्त करतो. आज ज्याला ‘सिरियल किलर’ म्हटले जाते, अशा माणसाचे आत्मनिवेदन हाच जवळजवळ सबंध कादंबरीचा देह आहे.

या कादंबरीचा विचार बहुधा दोन अंगांनी होतो. ठगांच्या चालीरीती, त्यांची सांकेतिक भाषा, शकुन-अपशकुन यांविषयीचे साधन म्हणून तिच्याकडे पाहिले जाते; किंवा कंपनी सरकारच्या राज्यविस्ताराचे समर्थन करणारे लेखन म्हणून तिची झडती घेतली जाते. दोन्ही दृष्टी उपयुक्त आहेत. परंतु येथे मारणारा बोलतो आहे आणि मेलेले गप्प आहेत, या साध्या वस्तुस्थितीमुळे कादंबरीची घडण कशी ठरते, हा प्रश्न त्या दोहोंच्या कक्षेबाहेर राहतो. या कादंबरीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही त्या प्रश्नाच्या उत्तरात आहेत.

१

टेलर १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मला, १८२४ साली मुंबईस आला आणि त्याच वर्षी निजामाच्या नोकरीत दाखल झाला. ठगांचे जबाब त्याने स्वतः नोंदवून घेतले होते. कादंबरीतील हकीकत बहुतांशी खरी असून कल्पनेचा आधार केवळ प्रसंग एकमेकांस जोडण्यापुरता घेतला आहे, असे तो प्रस्तावनेत सांगतो. त्याच प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीतील एक प्रकरण आहे. हरिसिंग हा तेथील एक प्रतिष्ठित व्यापारी होता. इतरांप्रमाणे खुद्द टेलरचाही त्याच्याशी देवघेवीचा संबंध होता. या गृहस्थाने मुंबईहून कापड आणावयाचे म्हणून मुलकी अधिकाऱ्याकडून परवाना घेतला. तो माल दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा असून वाटेत आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्यास गाठले, सोबतच्या माणसांसह ठार केले, त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उजळ माथ्याने विकला.

टेलरला हादरा बसला तो येथे. खुनी माणूस रानात दडलेला नव्हता. तो बाजारात बसला होता, त्याच्याशी रामराम होत होता. अमीर अलीच्या पात्राचे बीज या अनुभवात आहे. अमीर अली क्रूर दिसत नाही. तो सुस्वरूप, नीटनेटका, अदबशीर आणि बोलण्यात चतुर आहे; पत्नीवर त्याचे प्रेम आहे, धर्मावर त्याची श्रद्धा आहे. मारेकऱ्याचे हे शालीन रूप टेलरने रंजनासाठी रंगविले असे म्हणता येणार नाही. ते त्याच्या विषयातूनच आलेले होते, कारण ठगाचा सारा धंदा त्यावर चालत असे.

२

ठगांच्या टोळीत कामांची वाटणी असे. वाटसरूंशी सलगी करून त्यांना आपल्या तांड्यात ओढणारा तो सोथा, रुमालाने गळा आवळणारा तो भुटोट, पुरण्यासाठी खड्डे खणणारा तो लुघाई. ‘झिरणी’ दिली, म्हणजे ठरलेला इशारा केला, की क्षणात काम उरकत असे. परंतु त्या क्षणाआधी कित्येक कोस आणि कधी कित्येक दिवस केवळ बोलण्यात जात. वाटेवर चोरांचे भय आहे, सोबत असलेली बरी, असे सांगून वाटसरूचा विश्वास संपादन करावयाचा. म्हणून ठगाचे पहिले हत्यार रुमाल नव्हे, वाणी होय. अमीर अलीला आपल्या रुमालाइतकाच आपल्या वाणीचाही अभिमान आहे.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे कादंबरीच्या निवेदनपद्धतीकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. ज्याने जन्मभर गोड बोलून माणसांना विश्वासात घेतले, तोच आता साहेबापुढे बोलत आहे. त्याची हकीकत रसाळ आहे, प्रसंगांची निवड नेमकी आहे, आणि कोठे थांबावे हे त्याला कळते. साहेब ऐकत राहतो आणि साहेबाच्या मागे बसून वाचकही ऐकत राहतो. वाटसरूची जी अवस्था झाली तीच, जिवाचे भय वगळता, वाचकाची होते. टेलरने हा संबंध स्पष्ट शब्दांत मांडलेला नाही. परंतु त्याने स्वीकारलेल्या रूपबंधात तो अटळपणे आलेला आहे आणि कादंबरीत आजही जी अस्वस्थता टिकून आहे, तिचे कारण हेच आहे.

जबानीच्या या स्वरूपाला कायद्याचीही एक बाजू आहे. १८३६ च्या ३० व्या अधिनियमाने ठगांच्या टोळीत सामील असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा ठरविला. विशिष्ट खून सिद्ध होण्याची गरज राहिली नाही. अशा खटल्यांत माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला केवढे महत्त्व आले असेल हे उघड आहे. स्लीमनच्या मोहिमेचा मुख्य आधार या जबान्या होत्या आणि साक्षीदाराचे प्राण त्याच्या सांगण्यावर टांगलेले होते. राधिका सिंघा यांच्या १९९८ च्या आणि किम वॅग्नर यांच्या २००७ च्या ग्रंथांनी या साधनांकडे चिकित्सकपणे पाहावयास शिकविले आहे. कादंबरीत मात्र उलटतपासणी नाही. साहेब अधूनमधून विस्मय किंवा तिटकारा व्यक्त करतो, पण सांगितले ते खरे काय, असे तो क्वचितच विचारतो.

७१९ या आकड्याचेही तसेच आहे. ठगांची हत्या ही सामुदायिक कृती होती. एक धरी, दुसरा आवळी, तिसरा पुरी, आणि टोळीचे काम ते प्रत्येकाचे काम. तेव्हा एका माणसाच्या नावे मोजलेला आकडा हा मुळात त्याने पाहिलेल्या आणि साहाय्य केलेल्या हत्यांचाही असू शकतो. एकटा, आपल्याच विकाराने झपाटलेला खुनी हे आधुनिक चित्र ठगाला तंतोतंत लागू पडत नाही. समूहाच्या कृत्याला एका व्यक्तीचे मन, एका व्यक्तीचा भूतकाळ आणि एका व्यक्तीचा आवाज देणे हे टेलरचे कादंबरीकार म्हणून खरे निर्माण आहे. प्रसंग जोडण्यापुरतीच कल्पना वापरली, हे त्याचे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

३

न. चिं. केळकर यांनी वाङ्मयानंदाची उपपत्ती सांगताना ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपली स्वतःची भूमिका विसरत नाही. या दुहेरी अवस्थेतून त्याला आनंद होतो, असा तिचा आशय आहे. खुन्याच्या आत्मनिवेदनाच्या वेळी या उपपत्तीची कसोटी लागते. अमीर अलीच्या भूमिकेत शिरल्यावाचून कादंबरी वाचताच येत नाही. सावज निसटेल काय या चिंतेत वाचक काही काळ तरी ठगाच्या बाजूस असतो. झिरणीची वाट पाहणारा वाचक पान उलटल्यावर स्वतःशीच ओशाळतो. येथे ‘विकल्प’ आनंदाची अट म्हणून येत नाही, शरमेच्या रूपाने येतो. केळकरांची कल्पना याने खोटी ठरत नाही. परंतु आपल्या भूमिकेचे भान हे नेहमी सुखावहच असते असे नाही, एवढी पुरवणी तिला जोडावी लागते.

ही शरम टेलरने कोठे योजनापूर्वक उत्पन्न केली आहे काय, हे पाहू गेल्यास कादंबरीतील दोन मृत्यू निराळे उठून दिसतात. पहिला आरंभीचा. अमीर अली हा जन्माने ठग नाही. त्याचे आईबाप प्रवासात ठगांच्या हातून मारले गेले. गणेशा नावाचा जमादार त्या मुलालाही मारू पाहत होता, पण इस्माइलने त्याला वाचविले आणि मुलगा म्हणून वाढविले. हा प्रसंग लहान मुलाच्या अर्धवट आठवणीतून येतो. दुसरा मृत्यू पुष्कळ पुढे येतो. अमीर अलीच्या हातून बळी पडलेल्यांत एक त्याची सख्खी बहीण असते, आणि हे त्याला एका ताइतावरून फार उशिरा कळते. आजवर न डगमगलेला निवेदक येथे खचतो.

या दोन मृत्यूंच्या मध्ये शेकडो माणसे मरतात. सावकार, शिपाई, मुनशी, बायका, मुले यांची रांग लागते. काहींना नाव आहे, काहींना केवळ व्यवसाय, पुष्कळांना तेवढेही नाही. कादंबरीच्या घडणीतील मर्मस्थान हे आहे. मृत्यूला वजन येते ते मृताचे मारणाऱ्याशी रक्ताचे नाते निघाले तरच. बहिणीसाठी अमीर अली रडतो, कारण ती बहीण होती. तिच्याबरोबरीने पुरलेली माणसे कोणाची तरी भावंडे होती, हा विचार त्याच्या मनास शिवत नाही. आणि टेलरही तो विचार साहेबाच्या तोंडून ठामपणे वदवीत नाही. ओळख पटण्याच्या या प्रसंगातील करुण रस अस्सल आहे, पण तो एकाच थडग्यापाशी थांबतो.

तरीही कादंबरीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आईबापांचा मृत्यू टेलरने आरंभीच ठेवला आहे. त्यामुळे पुढील प्रत्येक प्रवासी कुटुंब ठगांच्या तांड्यात सामील होते तेव्हा वाचकाला ते मूल आठवते, निवेदकाला आठवले नाही तरी. मृतांना वाणी नाही. परंतु एकदा, एका मुलाच्या डोळ्यांनी, गुन्हा बळीच्या बाजूने पाहिला गेला आहे, आणि ती आठवण वाचकाच्या ठिकाणी मृतांच्या वतीने साक्ष देत राहते. पुढे अमीर अलीच्या साक्षीने गणेशाला फाशी होते. न्यायाच्या नावाने दिलेली ही साक्ष खरे पाहता सूड आहे. पश्चात्ताप आणि सूड यांतील हा घोटाळा टेलर सोडवीत नाही, तसाच ठेवतो. त्याच्या कलेच्या दृष्टीने हे योग्यच झाले.

४

मराठी वाचकाला या कादंबरीतील आणखी एक गोष्ट खटकण्याजोगी आहे. अमीर अली मुसलमान असून भवानीला मानतो आणि प्रत्येक हत्येची जबाबदारी दैवावर व देवीच्या कौलावर टाकतो. शकुन चांगला झाला, देवीने सावज दिले, मग मारणाराचा दोष काय, असा त्याचा युक्तिवाद आहे. साहेब हा युक्तिवाद आरोपीची सबब म्हणून ऐकत नाही. एका अज्ञात पंथाचे रहस्य म्हणून ऐकतो. सबबीला धर्मतत्त्वाची प्रतिष्ठा मिळाली की व्यक्तीचा अपराध हलका होतो आणि समाज आरोपी ठरतो. ठगीविषयीच्या पुढील लेखनात हा दोष वारंवार दिसतो.

टेलर स्वतः मात्र तेथे थांबला नाही. पुढे १८५३ पासून काही वर्षे नळदुर्गाचा कारभार त्याच्याकडे होता आणि तुळजापूर त्याच मुलखात होते. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या त्याच्या कादंबरीत तुळजापूरचे देऊळ आणि तेथील शास्त्र्याची मुलगी आहे. तेथे भवानी हत्येचे निमित्त म्हणून येत नाही. ती भक्तांच्या नित्य जीवनात आहे. जबानीतून ऐकलेली देवी आणि शेजारी राहून पाहिलेली देवी यांतील अंतर एकाच लेखकाच्या दोन कादंबऱ्यांत मोजता येते. ऐकीव साक्षीवर उभारलेल्या ज्ञानाची मर्यादा दाखविण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

सारांश, ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’चे महत्त्व तिने ठगीची माहिती दिली यात नाही, ती माहिती स्लीमनच्या १८३६ च्या ‘रामसीआना’त अधिक विस्ताराने मिळते. खुन्याला निवेदक केले म्हणजे वाचकाचे काय होते, हे तिने दाखविले, यात तिचे महत्त्व आहे. असा निवेदक कितीही मोकळेपणाने बोलला तरी त्याच्या कथनात मृतांसाठी जागा असत नाही. ती जागा वाचकाने करावी लागते. टेलरने एका मुलाच्या आठवणीपुरती ती करून दिली. उरलेल्यांसाठी त्याच्याजवळ संख्येखेरीज काही नव्हते. पुढे या जातीच्या लेखनाचे मोल ठरविताना, मारेकऱ्याचे मन किती खोल उकलले एवढेच विचारून भागणार नाही. ज्यांची नावे त्याला आठवत नाहीत त्यांच्यासाठी लेखकाने काय केले, हाही प्रश्न विचारला पाहिजे.