शिसवाची पट्टी

समीक्षा करायला ती कला येत असावीच लागते असे नाही, हे मी इतकी वर्षे समीक्षा वाचून ओळखून आहे. तेव्हा गिटार वाजवता येत नसताना मी गिटारच्या तेलांची समीक्षा करतो आहे, याबद्दल वाचकांची माफी वगैरे मागत नाही.

गिटार मात्र माझीच. १९९५ साली मी बी. कॉम.ला गेलो तेव्हा बाबूजींनी दिलेली. बाबूजी गोंदियाला एका राईस मिलमध्ये मुनीम होते. कलकत्त्याला निघालेल्या कुणाजवळ तरी त्यांनी मोजून पैसे दिले, आणि हावडा-मुंबई मेलने गिटार आली. स्टेशनावरून कुडव्यापर्यंत ती सायकलच्या दांडीवर आडवी बसून आली. "पट्टी शिसवाची आहे, जपून वापरजो," एवढेच बाबूजी म्हणाले. मी इतकी जपून वापरली की अडीच कॉर्ड शिकून ती कपाटावर ठेवली. मग बँकेत लागलो.

यंदा नववीतल्या कन्येने ती खाली काढली. बोटे दाबतो ती काळी पट्टी, म्हणजे फ्रेटबोर्ड, राखेसारखी भुरकट दिसत होती. पडद्यांची टोके कडेला बाहेर येऊन बोटाला लागत होती. "पप्पा, लाकूड कोरडं पडलंय. तेल लावायला पाहिजे," असे तिने जाहीर केले आणि घरात परिसंवाद सुरू झाला.

सौभाग्यवतींनी खोबरेल सुचवले. तिच्या मते जगात खोबरेलाने न सुधारणारा एकच पदार्थ आहे आणि त्याच्याशी तिचे लग्न झाले आहे. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते. आमच्याकडे डिसेंबरात बाटली गच्चीवर उन्हात ठेवल्याशिवाय थेंब निघत नाही. लाकडाच्या छिद्रात गोठलेल्या खोबरेलाला गच्चीवर कसे नेणार?

बाबूजी बाजेवरून म्हणाले, "जवसाचं लाव ना बा. बॅटले नव्हता लावत तू?"

हे मत वजनदार होते. धानाच्या बांधीत उभ्या पिकातच जवस-लाखोळी फेकणाऱ्यांच्या मुलखात जवसाचा शब्द खाली पडू देत नाहीत. शिवाय बॅटचा दाखला बिनतोड. पण जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि त्याची पापडी धरते. म्हणून तर चित्रकार शेकडो वर्षे त्यात रंग कालवत आले. अगदी पातळ लावून कसून पुसले तर चालते. आमच्या घरच्या हाताने लावले तर महिन्याभरात पट्टीवर माशी चिकटेल. आणि त्यात भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेटूही शकते. जे तेल पुसल्यानंतर आग लावते ते घरात घेण्याआधी मी तरी दोन जामीनदार मागेन.

तीळ, मोहरी, ऑलिव्ह यांचा दोष वेगळा. ती ना धड वाळतात ना धड टिकतात, खवट होतात. कुबट डब्यातल्या शंकरपाळ्याचा वास गिटारला आला तर मैफलीला कोण बसेल?

आता मुख्य कलावंताकडे वळू. आमच्या शाखेतल्या कॅशियरसाहेबांनी खात्रीने सांगितले, "लेमन ऑइल. परदेशी बाटली मागवा." बाटली आली. किंमत इथे लिहीत नाही, कारण हा लेख घरातही वाचला जातो. मी कर्जाचे कागद वाचतो तसा बाटलीवरचा मजकूर भिंगातून वाचला. असल्या बहुतेक बाटल्यांत खनिज तेल असते आणि लिंबू फक्त वासापुरते. खरे लिंबाच्या सालीचे तेल चिकट मळ सोडवते, पण ते उडून जाते. लाकडात मागे राहते ते खनिज तेल. बाळांना चोळायच्या त्या पारदर्शक तेलाचे हे सख्खे भावंड. एवढी जाहिरात करून नाटकाला जावे आणि पडदा उघडल्यावर आपलाच आतेभाऊ दिसावा, तसे झाले.

पण न्यायाने बोलायचे तर आतेभावाचे काम उत्तम. खनिज तेल वाळत नाही, खवट होत नाही. वर्षातून एक-दोनदा तारा काढून, जुन्या टूथब्रशने मळ झाडून, दोन-चार थेंब लावायचे आणि पाच मिनिटांनी सगळे पुसून घ्यायचे. शिसवात मुळातच स्वतःचे तेल असते, त्याची भूक थोडी. लॅकर मारलेल्या मेपलच्या पट्टीला तर काहीच नको. आणि बाहेर आलेली पडद्यांची टोके? ती तेलाने आत जात नाहीत. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, हवेतला ओलावा जातो, लाकूड आकसते आणि धातूचा पडदा मात्र तेवढाच राहतो. तिथे गिटार पेटीत ठेवून पेटीत ओलावा राखणे हाच उपाय, आणि तो कुठल्याही बाटलीवर छापलेला नाही.

हा निकाल देऊन मी रविवारी अंगणात बसलो. दोन थेंब टाकले, फडके फिरवले. फडके काळे झाले. मळ असेल म्हणून दुसरी बाजू फिरवली. तीही काळी. तिसऱ्या पडद्याजवळ पांढुरके लाकूड दिसू लागले, जसे महिनाअखेरीस आमच्या मॅनेजरांच्या भांगात दिसते. पट्टीला कलप होता. ब्राझीलने आपले शिसव अडवून धरल्यावर १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेतले गिटारवाले हिंदुस्थानच्या शिसवाकडे वळले, आणि हिंदुस्थानातल्या माझ्या गिटारला मात्र काळा रंग मिळाला.

कन्येने फडक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. वय खरे बोलण्याचे.

"निघते का मळ?" बाजेवरून बाबूजींनी विचारले. त्यांना आता तेवढ्या अंतरावरचे दिसत नाही.

"निघतोय ना बाबूजी."

"शिसव आहे ते. काळाच निघन."

"हो आजोबा," कन्या म्हणाली, "खूप जुनं शिसव आहे." आणि तिने माझ्या हातातून तेलाची बाटली काढून घेऊन झाकण लावले.

"तेलाले किती पैसे लागले?" बाबूजींनी विचारले.

मी घरातल्या बाळतेलाची किंमत सांगितली.